सहीरावांचं शिफारसपत्र

९ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. साष्टांग घालायला या खोलीत जागा नाही. पलंग आणि टेबल यांच्यामध्ये मी उभी राहते तेवढीच. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं आई-बाबा मध्येच बोलून खातात. पत्रच बरं.

तर बातमी. आमच्या विद्यापीठात कायमची जागा निघाली आहे. कायमची, आत्या! वर्षा-वर्षाच्या कराराची नाही. आजवर तीन देशांत मी 'पोस्टडॉक' म्हणून राबले, म्हणजे पीएचडी झाल्यावरही दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्याच्या नावाखाली. इथला करार जूनअखेर संपतो. ही जागा मिळाली तर माझी स्वतःची प्रयोगशाळा. नाही मिळाली तर चौथ्या ठिकाणी उमेदवारी करायला मी जाणार नाही. सदतीस वय झालं. बॅग भरून घरी येईन आणि बाबांच्या शेजारी बसून पेपर वाचीन.

काम तुला माहीतच आहे. खाऱ्या पाण्यातलं मीठ अडवणारा पातळ पडदा. वाळताना त्याला बारीक भेगा पडायच्या. सगळे जण उष्णता कमी-जास्त करत बसले होते. मी ट्रे झाकून, गार जागी, सावकाश वाळवला, आणि तो टिकला. ते छापून आलं, मोठ्या सभागृहात त्यावर भाषण झालं, टाळ्या झाल्या. भाषण कुणी केलं? आमच्या प्राध्यापकांनी. 'एका पहाटे मला सुचलं' म्हणाले. आम्ही त्यांना सहीराव म्हणतो, कारण सही सोडून त्यांच्या हातून काही होताना कुणी पाहिलेलं नाही. प्रयोगशाळेत ते शेवटचे आले ते कुणा पाहुण्याला दाखवायला, आणि तेव्हाही दार ढकलायचं की ओढायचं ते त्यांना मला विचारावं लागलं.

आता या जागेसाठी त्यांचं शिफारसपत्र लागतं. गेले त्यांच्याकडे. म्हणाले, "हो हो, नक्की. असं कर, तूच मसुदा लिहून दे. मी सही करून पाठवतो." हा इथला रिवाज आहे. जो तो स्वतःची शिफारस स्वतःच लिहितो आणि वर दुसऱ्याची सही घेतो. त्यामुळे इथे प्रत्येक जण 'दशकातून एखादीच दिसणारी बुद्धिमत्ता' असतो. आमच्या एका मजल्यावर अशा बुद्धिमत्ता खुर्चीला खुर्ची लावून बसल्या आहेत, आणि बंद पडलेलं कॉफीचं मशीन कुणाला चालू करता येत नाही.

मी कागदासमोर बसून आहे. स्वतःची स्तुती, तीही दुसऱ्याच्या तोंडून! आपल्या घरात हे कुणी शिकवलं नाही. तू तर नाहीच. शेजारणीने "पोरगी हुशार आहे हो" म्हटलं की तू म्हणायचीस, "दुरून डोंगर साजरे." आता तूच सांग, काय लिहू?

तुझी
ठकू


२४ जानेवारी

ठकू,

आशीर्वाद. ते फुकट असतात, म्हणून भरपूर.

अगं, हा काय प्रकार आहे? मी मुख्याध्यापिका असताना एखाद्या पोराने प्रगतिपुस्तकावर स्वतःच शेरा लिहून आणला असता, तर त्याचा कान माझ्या हातात राहिला असता. तुमच्याकडे त्याला रिवाज म्हणतात. आंतरराष्ट्रीय विद्यापीठ म्हणे! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आणि ते पोस्टडॉक काय असतं ते मला अजून कळलेलं नाही. पास झालेल्या पोराला पुन्हा त्याच बाकावर बसवायचं, आणि या वेळी वर्गही त्यालाच झाडायला लावायचा. तुझा बाप मात्र गल्लीभर सांगत सुटलाय, 'आमची ठकू तिकडे प्रोफेसर आहे.' मी त्याची चूक सुधारत नाही. म्हातारपणी माणसाला काहीतरी लागतं.

काय लिहू म्हणून विचारतेस? खरं लिही. घे, सांगते:

'मी खाली सही करणारा लिहून देतो की हे काम या मुलीचं आहे. कल्पना तिची, हात तिचे, चुका तिच्या, आणि त्या सुधारल्याही तिनेच. मी प्रयोगशाळेत फिरकत नाही. भाषण मी केलं, कारण मला भाषण करायला आवडतं. मुलगी हट्टी आहे, तोंडाने फटकळ आहे, पण स्वतःची चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालत नाही. हिला जागा दिलीत तर तुमचं भलं होईल. माझं होणार नाही, कारण मग माझं काम कोण करणार?'

झालं! स्तुती नाही, काही नाही. आणि शेवटी त्या गृहस्थाला थोडं लोणी लाव, म्हणजे त्याच्या पोटात दुखणार नाही: 'अर्थात, माझ्या मार्गदर्शनाशिवाय हे शक्य झालं नसतं.' हे वाक्य कुठेही चालतं.

तुझी आई विचारते, स्वेटर घालतेस का. मी म्हटलं, सदतीस वर्षांची घोडी आहे, घालत असेल.

तुझी
आत्या


१२ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार, उभ्याउभ्याच.

तुझं पत्र आलं त्या सकाळी आमची एक कार्यशाळा होती. करार संपत आलेल्या संशोधकांसाठी. विषय: श्वास कसा घ्यावा. एका बाईंनी आम्हाला डोळे मिटायला लावले आणि 'मी पुरेसा आहे, मी पुरेशी आहे' असं म्हणायला लावलं. दुनियेच्या कानाकोपऱ्यातून आलेले वीसेक पीएचडी झालेले लोक, आपापल्या उच्चारांच्या इंग्रजीत, खुर्चीवर बसून नाकाने सूं-सूं करतायत. बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात एकेक सफरचंद. आत्या, माणसाला नोकरी द्यायची नसली की इथे सफरचंद देतात.

तिथून उठून येते तर तुझं पत्र. डोकं तापलेलंच होतं. बसले आणि तू सांगितलंस ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. शेवटी तुझं लोणीसुद्धा लावलं. मसुदा मेलने सहीरावांना पाठवला आणि त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं, "सर, नीट वाचा हं." ते फोनवर बोलत होते. मानही न उचलता "परफेक्ट, परफेक्ट" म्हणाले.

मला वाटलं होतं, वाचतील, भडकतील, बोलावतील, आणि मग चार वर्षांचं सगळं एकदाचं तोंडावर बोलून टाकीन. मला भांडणच हवं होतं. तर संध्याकाळी निवड समितीचा निरोप आला, 'तुमच्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र पोचलं.' ते पत्र इथे प्राध्यापक परस्पर पाठवतात, उमेदवाराला दाखवत नाहीत. म्हणजे गेलं. न वाचता, सही ठोकून गेलं!

आधी मी पोट धरून हसले. मग हसू पार आटलं. समितीने ते वाचलं तर दोनच अर्थ निघतात. एक तर सहीरावांचं डोकं फिरलंय, नाहीतर मी लबाड आहे. पहिला अर्थ कुणी काढणार नाही, कारण ते प्राध्यापक आहेत.

जाऊन सांगावं, पत्र परत मागवावं, असं सारखं वाटतं. अजून सांगितलेलं नाही. का, ते विचारू नकोस.

तुझी
ठकू


२७ फेब्रुवारी

ठकू,

अगं कार्टे, मी ते चिडून लिहिलं होतं! मी चिडले की काहीही बोलते हे या घरातल्या मांजरालासुद्धा माहीत आहे. जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस, आणि ऐकायला मुहूर्त नेमका हा सापडला?

ऊठ आणि सांगून टाक. 'सर, भलताच कागद गेला' म्हण. भीड भिकेची बहीण, हे तुला मीच शिकवलं, कबूल. पण भीड सोडणं वेगळं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं वेगळं. त्या माणसाला कळलं की जागा तर गेलीच, वर जूनपर्यंत तो तुला सळो की पळो करील. काम येत नसेल त्याला, पण सही त्याचीच चालते ना?

तुझ्या बापाला यातलं काही सांगितलेलं नाही. तो विचारतोय, तुझी खोली रंगवून ठेवू का. येणार असलीस तर तुझी रंगवतो, नाहीतर स्वतःची. काय सांगू त्याला?

तुझी
आत्या


२१ मार्च

ती. आत्या,

सांगितलं नाही. ओरडू नकोस, आधी पुढचं वाच. मला मुलाखतीला बोलावलंय! अठरा एप्रिल. चौघांना बोलावलंय, त्यात मी एक. म्हणजे समितीनेही पत्र वाचलेलं नाही. या विद्यापीठात वाचायचं काम नक्की कुणाकडे आहे ते एकदा शोधून काढलं पाहिजे.

पण खरी गंमत तर पुढेच आहे. परवा सहीराव प्रयोगशाळेत आले. स्वतःच्या पायांनी! बरोबर पाहुणा नाही, कॅमेरा नाही. सगळे दचकून उभे राहिले. सरळ माझ्या ट्रेंपाशी आले. म्हणाले, "झाकण लगेच ठेवतेस की थोडं थांबून?"

"थोडं थांबून, सर."

"हे कधी ठरवलंस?"

"खूप वेळा चुकल्यावर."

"आणि मी तेव्हा कुठे होतो?"

मी म्हटलं, "सर, तुम्हालाच तर सुचलं ना, एका पहाटे." जीभ उचलली आणि लावली टाळ्याला! पलीकडचा सहकारी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. सहीराव एकेक ट्रे बघत फिरले आणि निघून गेले.

मला कळलं हो, कशाला आले होते ते. पुढच्या महिन्यात याच कामासाठी त्यांना एक मोठा सन्मान मिळणार आहे. तिथे कुणी चार प्रश्न विचारले तर? उत्तरं पाठ नकोत? एकदा चोरी करून झाली, आता मालकिणीलाच विचारतायत की कपाट उघडतं कसं. असला संताप आला, आत्या, की त्या दिवशी दोन ट्रे माझ्याच हातून वाया गेले.

आता पत्राचं बोलणार नाही. जाऊ दे मुलाखतीपर्यंत. शेंडी तुटो की पारंबी तुटो.

तुझी
ठकू


५ एप्रिल

ठकू,

वाचलं. चोर तो चोर, वर शिरजोर. असल्या माणसाला मी शाळेत घंटा वाजवायलासुद्धा ठेवलं नसतं.

आता मुलाखतीचं ऐक. 'आम्ही केलं, आम्हाला आढळलं' असं म्हणत बसू नकोस. आम्ही म्हणजे कोण? तू आणि ट्रे? 'मी' म्हण. लाज वाटेल, वाटू दे. आणि पत्राबद्दल विचारलंच तर खोटं बोलू नकोस. प्रामाणिक आहेस म्हणून नव्हे, तुला ते जमत नाही म्हणून. तुझे कान लाल होतात.

खोलीचा रंग आणून ठेवलाय. डबा उघडू नको म्हणून सांगितलं आहे.

तुझी
आत्या


२५ एप्रिल

ती. आत्या,

सगळं क्रमाने सांगते, मध्ये बोलू नकोस.

मुलाखतीच्या खोलीत समितीचे पाच जण, मधोमध अध्यक्षबाई, आणि पाण्याचा एक जग. आधी कामाबद्दल विचारलं. मी 'मी' म्हणत सांगितलं. पहिल्या एकदोनदा जीभ अडखळली, मग सवय झाली. मग बाईंनी एक कागद पुढे ओढला. वाचला होता, आत्या! एका तरी माणसाने वाचला होता. म्हणाल्या, "तुमच्या प्राध्यापकांचं पत्र विलक्षण आहे. त्यांची तब्येत बरी आहे ना?"

बाकीचे हसले. मग बाईंनी ते मोठ्याने वाचलं. 'मी प्रयोगशाळेत फिरकत नाही' या वाक्याला एकाला पाणी पिताना ठसका लागला. 'मग माझं काम कोण करणार?' इथे बाईंनी कागद खाली ठेवला.

मी वाट बघतेय, लोणी कधी येतंय. आलंच नाही. न राहवून विचारलं, "पुढे?"

"पुढे सही."

"सहीच्या आधी एक वाक्य असेल. मार्गदर्शनाबद्दल."

त्यांनी कागद उलटूनही पाहिला. "नाही. पण पत्रात काय असेल हे तुम्हाला कसं माहीत?"

कान असे तापले की काय सांगू. म्हटलं, "कारण मसुदा मी लिहिला. त्यांनीच सांगितलं होतं. तुम्हीही सगळे आपापल्या पोस्टडॉकना हेच सांगता. नाही का?"

कुणी कुणाकडे बघेना. ठसकेवाला पाण्याचा जग निरखत होता. म्हटलं, आता गेलीच आहे जागा, तर पुरतं बोलून घेऊ. "पण शेवटचं वाक्य मी लिहिलं होतं आणि ते त्यांनी काढलंय. म्हणजे त्यांनी वाचलं, आणि बाकीचं तसंच ठेवलं. तेव्हा पत्र आता त्यांचं आहे. विचारा त्यांना."

बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. सहीराव म्हणाले, "पत्र माझं आहे. त्यात खोटं काही नाही. आणखी काही?" आणि फोन ठेवला.

मी तशीच त्यांच्या खोलीत गेले. भांडायला गेले की आणखी कशाला, मलाच माहीत नाही. विचारलं, "सर, शेवटचं वाक्य का काढलंत?"

"कुठलं, मार्गदर्शनाचं?" त्यांनी चष्मा काढला. "काय मार्गदर्शन केलं मी तुला? एक उदाहरण दे. आत्ता परत घालतो."

मला वाटलं, टोमणा आहे. पण त्यांनी पेन उघडलं, समोर कागद घेतला आणि माझ्याकडे बघत बसले. आत्या, तो माणूस खरंच वाट बघत होता. मी चार वर्षं इकडून तिकडे आठवून पाहिली. एक गोष्ट सापडेना. खोटंसुद्धा सुचेना. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "मलाही नाही सापडली. म्हणून तर त्या दिवशी ट्रे बघायला आलो होतो."

सन्मान देणाऱ्यांना त्यांनी कळवलंय, नाव चुकलंय म्हणून. मजल्यावर लोक हळू आवाजात बोलतात, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. माणूस खरं बोलला की इथे आधी डॉक्टर सुचवतात. विद्यापीठाने तर तातडीने नवी कार्यशाळा जाहीर केली आहे: 'प्रामाणिक शिफारसपत्र कसं लिहावं.' शेवटी सफरचंद असणारच.

आणि हो, जागा मिळाली. काल कळलं. माझी, कायमची.

सहीरावांना ठेवलेली नावं मी मागे घेत नाही. आळशी ते आळशी, आणि चार वर्षं माझ्या टाळ्या त्यांनीच खाल्ल्या. पण त्यांना पेनाला टोपण लावताना बघून मला रडू आलं. त्याचाही रागच येतोय.

तुझी
ठकू


१२ मे

ठकू,

जागा मिळाली! पत्र उभ्याने वाचलं आणि खाली बसले. तुझ्या बापाला सांगितलं, ठकू प्रोफेसर झाली. म्हणाला, "परत?"

तुझी आई रडली, मग स्वेटरचं विचारलं. आता तो रंग माझ्या खोलीला लावायचं ठरलंय. पोपटी आहे. भोगा आता.

बाकी, तुझ्या त्या आळशी माणसाने माझं वाक्य खोडलं. लोकांची वाक्यं खोडण्यात माझी हयात गेली, माझं कुणी खोडलं नव्हतं. दोन दिवस फणफणत होते. मग आठवलं, मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा व्यासपीठावर जो उठला तो हेच म्हणाला. 'बाईंच्या मार्गदर्शनाशिवाय शक्य झालं नसतं.' मी मान डोलावत बसले होते. कुठलं मार्गदर्शन, एक उदाहरण द्या, असं एकालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर अख्ख्या सभागृहाला खोकला झाला असता. त्या माणसाने विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत बसून राहिला. माझी छाती झाली नसती. असल्या माणसापुढे आपण कमी पडावं, याची मला फार चीड आली आहे.

आता तू मला पत्र लिहिशील. त्यात 'आत्या, हे सगळं तुझ्यामुळे' असलं काही लिहिलंस तर फाडून टाकीन. नेमकं काही असेल तर लिही. नसेल तर तब्येतीची चौकशी कर आणि पत्र संपव. मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी तुला कळवणार नाही.

तुझी
आत्या


२ जून

ती. आत्या,

तब्येत कशी आहे?

दचकलीस ना! बरं झालं. माझी खोली पोपटी करायला निघाला होतात ना सगळे?

आता नेमकं सांगते. इथे सगळे सगळ्यांना उठताबसता 'फारच छान' म्हणतात. माझा पहिला पडदा वाळला तेव्हा अख्खा मजला येऊन छान म्हणून गेला. तू मला जन्मात छान म्हणाली नाहीस. पहिली आले तरी 'उरलेले मार्क कुठे सांडले?' म्हणून विचारायचीस. मला ते फार लागायचं. अजूनही लागतं, आणि ते तुला कळायला हवं. पण त्यामुळे कुणी छान म्हटलं की माझा विश्वास बसत नाही. सगळे गेल्यावर मी तो पडदा उचलला आणि खिडकीशी उजेडात धरला. केसाएवढ्या भेगा होत्या. तोवर त्या कुणालाच दिसल्या नव्हत्या. पुढचं सगळं काम तिथून सुरू झालं.

हे एक तुझं आहे. बाकीचं माझं मी केलं.

तुझी
ठकू